बाफल्यांच्या धुरापलीकडचे खांब

निवृत्त झाले तेव्हा घरच्यांनी विचारलं, तुला काय हवं? साडी माग, अंगठी माग, दक्षिणेची सहल माग. मी म्हटलं, मानपुरच्या पुढे एका नाल्यात दगडी खांब आहेत, ते एकदा दाखवा. सगळ्यांचे चेहरे उतरले. दगड मागणाऱ्या बाईचं काय करावं, कुणाला कळेना.

इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर तेच चित्र काढायचं. लाव्हा थंड झाला, आकसला, त्याला तडे गेले आणि सहा बाजूंचे खांब तयार झाले. दर वर्षी एखादी मुलगी विचारायची, "मॅडम, आपने देखा है?" मी उत्तर जुळवेपर्यंत घंटा व्हायची. ते खांब काही लांब नव्हते. पण कधी मुलांच्या परीक्षा, कधी सासूबाईंचं आजारपण, कधी नुसताच पाहुण्यांनी भरलेला रविवार. आता गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, यापुढे असले चढ-उतार विसरा. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. हे मी घरात सगळ्यांना स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं.

तरी खांब पाहायला गेलो त्या दिवशी गाडीच्या डिकीतून काय निघालं? गोवऱ्यांचं पोतं, कणकेचा डबा, डाळीचं पातेलं आणि तुपाची बरणी. इंदूरची माणसं गावाबाहेर पडली की बाफले करतात. बाफले म्हणजे कणकेचे गोळे. ते आधी उकळायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, मग तुपात बुडवायचे. यात अख्खा दिवस जातो, आणि तो घालवायलाच लोक येतात.

नाला समोरच्या उताराखाली होता. मी काठी घेऊन उठले, तर धाकटे दीर निखारे फुंकता फुंकता म्हणाले, "वहिनी, ते पत्थर करोडो साल से तिथेच पडलेत, अजून दो घंटे काय भागून जाणारेत? एकटं उतरू नका, जेवून सगळेच जाऊ ना!"

मी बसले. नवरा म्हणाला, "अगं, जरा कणीक बघ. कडक झालीये शायद." पाहिली. मग डाळीत मीठ आहे का ते पाहिलं. मग जाऊबाईंना फोटो हवे होते, तर फोटोत उभी राहिले. पुन्हा उठले, तर दीर ओरडले, "बस आता तूपच लावायचंय, गरमागरम खा, नाहीतर थंडे होऊन जातील!" ऊन पलीकडच्या टेकडीवर सरकलं होतं. मी मागून घेतलेल्या भेटीच्याच दिवशी मी दुसऱ्यांचा स्वयंपाक राखत बसले होते. राग असा आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि जाऊबाईंना वाटलं धुरानं आलं. त्यांनी मला वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसवलं.

तिथून मात्र मी उठले आणि सरळ चालू लागले. मागून हाका आल्या. मी वळले नाही. उतारावर गुडघा प्रत्येक पावलाला ओरडत होता. झुडपं धरून, एक-दोनदा चक्क बसून घसरत मी खाली पोचले.

खांब होते. नाल्याच्या काठाला एकाला एक चिकटून उभे, काळपट, काही माझ्या डोक्याच्या वर गेलेले, काही तुटून पाटासारखे पडलेले. मी पहिल्यावर हात ठेवला आणि बाजू मोजल्या. पाच निघाल्या. शेजारच्याच्या सहा, त्याच्या पलीकडच्याच्या सात. फळ्यावर मी सगळे सारखे काढत आले होते. मला इतका आनंद झाला की एकटीच मोठ्यानं हसले.

मग नीट पाहत उभी राहिले. लाव्ह्याचा जाड थर इथे येऊन थांबला असेल. आधी वरून आणि खालून थंड व्हायला लागला असेल. आकसताना तडे पडले आणि गारवा जसा आत शिरत गेला तसे तडेही सरळ आत उतरत गेले. हे सगळं सावकाश झालं म्हणून खांब इतके रेखीव झाले. मुलांना मी हे पाठ करून सांगायचे. त्या दिवशी मात्र मला त्या दगडाचा हेवा वाटला. याला निवांत थंड होऊ दिलं होतं. मध्येच कुणी कणीक बघायला उठवलं नव्हतं.

मागे दगड घरंगळले. नवरा उतार उतरून आला होता, धापा टाकत, हातात द्रोण. द्रोणात दोन बाफले कुस्करून त्यांवर डाळ ओतलेली. तूप अर्ध्या वाटेत त्याच्या मनगटावरून ओघळलं होतं. खांबांकडे त्यानं पाहिलंही नाही.

"आधी हे खाऊन घे," तो म्हणाला. "थंड होतंय ना."

लग्न झाल्यापासून हे वाक्य ऐकलं की मी हातातलं टाकून धावत यायचे.

"होऊ द्या," मी म्हटलं, आणि पुढच्या खांबाच्या बाजू मोजायला लागले.