अब्बांची दुसरी वही

गहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, सुरई रीमनेच माझ्या हातात दिली. "तू वाढ ना," म्हणाली, "तुला येतं."

बेल्जियममध्ये, अँटवर्पच्या विद्यापीठाच्या एका हॉलमध्ये सौदी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. पंचवीसेक मुलंमुली. मी वाढायला लागले. सुरई डाव्या हातात, कप उजव्या हातात, सुरुवात उजवीकडून, कप पावच भरायचा. सौदीतल्या जुबैलमध्ये जन्मलेल्या मुलीला हे शिकवावं लागत नाही.

एकीने रीमला विचारलं, "ही कुणाच्या घरातली?"

रीम हसली. "आपल्यातली नाही ही. हिंदी आहे, इंडियाची. हिचे वडील बाबांच्या प्लांटवर ऑपरेटर. गेल्या आठवड्यात त्यांना फायनल एक्झिट दिली, आता त्या जागेवर माझा भाऊ. त्यांचीच वही वाचून शिकला तो. आणि वहीचं भाषांतर कुणी केलं? हिने."

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या, कौतुकाने.

फायनल एक्झिट म्हणजे कायमचं देशाबाहेर. माझ्या बापाची नोकरी गेली हे मला असं कळलं, परक्या देशात, हातात सुरई असताना. आणि मी काय केलं? उरलेले चार कप भरले. त्याची लाज मला अजून वाटते. रीमने केलं त्याहून जास्त.

रीम माझ्याच वर्गात होती. दोघी केमिकलच्या. पहिल्याच आठवड्यात कळलं की तीही जुबैलची. तिचे वडील ज्या प्लांटचे मोठे साहेब, तिथेच माझे अब्बा शिफ्टवर. जुबैलमध्ये आम्ही एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहिलो नसतो. त्यांचा बंगला समुद्राकडे, आमची खोली बसस्टॉपमागे. पण इथल्या पावसात आणि उकडलेल्या बटाट्यांत आम्हाला एकमेकींचाच आधार. ती आजारी पडली तेव्हा मी तिला खिचडी करून घातली. ती मला बहीण म्हणायची. मीही खुळी, मला ते खरं वाटलं.

अब्बा दापोली तालुक्यातले. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, पुढचं सगळं मशीनकडून. तीस वर्षांत त्यांनी दोन जाडजूड वह्या भरल्या, मराठीत. तीन नंबरच्या पंपाचा आवाज बसला की आधी गाळणी बघायची. ऑगस्टच्या दमट हवेत कुठलं गेज खोटं बोलतं. अशी पानंच्या पानं. इंजिनियर बदलत, पण अडलं की सगळे अब्बांकडे येत.

मग सौदीकरणाचा जोर वाढला, परक्यांना काढून सौदी भरायचे. रोज कुणाचं तरी नाव यादीत. एकदा रीम म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या वह्या इंग्रजीत करून दे. बाबा त्यांना ट्रेनर करतील. ट्रेनरला काढत नाहीत. तुझा इकामाही राहील." इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना; माझा अब्बांच्या नावावर. ते गेले की मीही गेले. जन्मले ते गाव बंद.

सुट्टीत जाऊन मी दोन्ही वह्या घेऊन आले. अब्बांना कोण आनंद. म्हणाले, "माजं अक्षर कुणाला लागंल की नाय?" दोन महिने मी माझा अभ्यास बाजूला टाकून पहिली वही इंग्रजीत केली आणि रीमला दिली. एका विषयात नापास झाले. तरी खूश होते. अब्बांची नोकरी मीच वाचवतेय असं वाटत होतं.

मेळाव्यातून बाहेर पडले आणि अब्बांना फोन लावला. ते सामान बांधत होते. "तुजी परीक्षा होती," ते म्हणाले, "म्हणून सांगितलं नाय."

"अब्बा, तुम्हाला ट्रेनर करणार होते ना?"

"कोन बोललं तुला? मना तर कोन कायच बोललं नाय."

दुसऱ्या दिवशी मी रीमला कँटीनमध्ये गाठलं. विचारलं, मला सांगितलंस तेव्हा तुला ठाऊक होतं का?

ती जराही गडबडली नाही. "त्यांचं नाव असलेली यादी आधीच गेली होती," म्हणाली. "पण तसं सांगितलं असतं तर तू केलं असतंस का?"

गरज सरो, वैद्य मरो. ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. वैद्य माझाच बाप असेल असं वाटलं नव्हतं.

एक सांगते. सौदी पोरांना काम मिळावं यात मला चूक दिसत नाही. देश त्यांचा. तिचा भाऊ हक्काने आला असता, अब्बांसमोर बसून शिकला असता, तर अब्बांनी त्याला हाताला धरून शिकवलं असतं. पण मुलीच्या हातून बापाचं डोकं काढून घ्यायचं आणि मग बापाला विमानात बसवायचं, याला मी काय म्हणू? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि केस माझाच वापरला.

महिन्याभराने रीमचा निरोप आला. प्लांट सुरू करताना भावाचं अडतंय, दुसरी वही हवी. शेवटी लिहिलं होतं, "बहिणीसाठी एवढं करशील."

जीवाला धोका कशात आहे ते सगळं पहिल्या वहीत होतं. ते मी परत मागितलं नाही, मागणारही नाही. दुसरीत अब्बांचं कसब आहे. कमी जाळात जास्त माल कसा काढायचा, ते.

अब्बांचा दापोलीहून फोन आला. त्यांच्याकडेही साहेबांच्या माणसाने शब्द टाकला होता. "देऊन टाक गो," ते म्हणाले. "आपलं अन्न होतं तिथं. कशाला वैर?"

अब्बांना मी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं.

"नाही देणार," मी म्हणाले. "तुमचं अन्न तुम्ही राबून खाल्लंत. कुणी वाढलं नाही."

ते म्हणाले, "तुजी मर्जी." आवाजात नाराजी होती. मी ती पत्करली.

रीमला चार ओळी लिहिल्या. वही माझ्याकडे आहे. तिच्यावर नाव माझ्या वडिलांचं राहील. त्यांना शिकवणारा म्हणून बोलावल्याचं पत्र आधी येऊ दे, त्यांच्या नावाने, सहीशिक्क्यासह. तोवर तुझ्या भावाने मशीनलाच विचारावं. अब्बांना मशीनने तीस वर्षांत सांगितलं. त्यालाही सांगेल.