चोणाक, रवा आणि माझे तीक्ष्ण कान

समुद्रात गळ टाकायला जायचं ठरलं ते पांढरकवड्यात, हायवेवरच्या चहाच्या टपरीत, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. ऊन असं, की टपरीवाल्याचं कुत्रं माठाला चिकटून झोपलं होतं. तिथून समुद्र साधारण नऊशे किलोमीटर. असले बेत थंड हवेत कुणी करत नाही.

मधुभाऊंनी मोबाइल माझ्यासमोर धरला. व्हिडिओत एक माणूस होडीत उभा राहून तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, हातानं ओढत होता. बराच वेळ नुसता धागाच येत राहिला, आणि मग समुद्राच्या तळातून हातभर लांब चंदेरी मासा वर आला. मुंबईकडे त्याला जिताडा म्हणतात, मालवणकडे चोणाक.

"मले हे एकदा कराचं हाय, मिस्त्री," मधुभाऊ म्हणाले. "भंगारवाल्याले हौ म्हणाच्या आधी."

मधुभाऊ आमच्या गावाबाहेरच्या जिनिंगचे मालक. वय त्रेसष्ट, बोलणं कमी, ढिगातला कापूस चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगणार. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस बोंडातच खाल्ला होता. आधीची दोन वर्षंही नावापुरतीच. त्यांच्याकडे सरकी वेगळी करणारे चोवीस रेचे, ते फेब्रुवारीतच थंड झाले. नागपूरचा एक भंगारवाला येऊन सगळं पाहून गेला होता आणि पुढच्या सोमवारी ट्रक घेऊन येतो म्हणत होता. भाऊंनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

आणि मी सलीम मिस्त्री. त्या रेच्यांचा डॉक्टर. पाना पुसायला लागलो तेव्हा तेरा वर्षांचा होतो, आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, ते या दोन कानांच्या जोरावर. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला, की रोग कळतो. रेचे भंगारात गेले तर माझ्या हाताखालचे सात फिटर आणि जिनमध्ये कापूस सारणाऱ्या तीस बायका घरी बसणार होत्या. म्हणून मी ठरवलं, भाऊंबरोबर जायचं. जाता-येता चार दिवस गाडीत दुसरं कोण असणार? पटवून देऊ.

"मले येते मासे धराले," मी म्हणालो. "पैनगंगेत धरलेत."

हे खोटं नव्हतं. गमछ्यात धरले होते. बोटाएवढे.

घरी बायकोनं, शमीमनं, डबा भरता भरता एवढंच म्हटलं, "मच्छी तो वणी के बाजार में भी मिलती है." मी हसून सोडून दिलं. मोठ्या मोहिमेवर निघणाऱ्या माणसानं असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.

पहाटे पाचला माझ्या बोलेरोनं निघालो. यवतमाळ, आर्णी, उमरखेड, नांदेड, लातूर, सोलापूर. जाणाऱ्यांसाठी सांगतो: उमरखेडच्या अलीकडे-पलीकडे रस्ता रुंद करायचं काम सुरू आहे, वळणरस्त्यांवर इतकी धूळ की पुढचा ट्रक फक्त आवाजावरून ओळखायचा. नाश्ता यवतमाळलाच उरकून घ्या. पाण्याचा मोठा कॅन जवळ ठेवा.

मी मनात भाषण तयार केलं होतं. तीन मुद्दे होते. पहिला आर्णीला मांडायचा होता, तर भाऊ झोपले. दुसरा नांदेडला, तेव्हा ते जेवत होते, आणि जेवताना ते बोलत नाहीत. तिसरा लातूरच्या पुढे काढला. भाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एसी वाढव." सोलापुरात मुक्काम केला. स्टँडजवळ नऊशे रुपयांत कूलरवाली खोली मिळते, कूलरचा आवाज सहन होत असेल तर. मला तर त्याच्या बुशचा आवाज ऐकून झोपच येईना. शेवटी उठून माझ्या टोपीची घडी कूलरच्या पायाखाली सरकवली, मग तो शांत झाला.

दुसऱ्या दिवशी सांगली, कोल्हापूर, फोंडा घाट. घाट उतरला आणि हवा एकदम ओली झाली, आम्ही दोघांनी एकाच वेळी गळ्याला रुमाल लावला. मालवणजवळ किनाऱ्यावरच्या एका घरात उतरलो. खोली दीड हजार, दोन वेळचं जेवण वेगळं. घरमालकीणबाईंनी संध्याकाळी तळलेले बांगडे वाढले, वर कुरकुरीत आवरण. कशात घोळलेत म्हणून विचारलं.

"रवो लावलाय," त्या म्हणाल्या.

रवा लावून मासे तळतात, हे ज्ञान मी डोक्यात पक्कं बसवलं. तेच पुढे नडलं.

होडीचं त्यांनीच जमवून दिलं. तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, आबा. वय भाऊंएवढंच, अंगानं लाकडी. सकाळी साडेपाच ते साडेदहा, दोघांचे मिळून पाच हजार, गळ आणि जिवंत कोळंबी त्यातच. लाइफ जॅकेट मागून घ्या, मागितल्याशिवाय मिळत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यातच जा, पुढे समुद्र फुगतो आणि जूनपासून मासेमारी बंद. आणि उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्या. मी ती खिशात ठेवली होती, कारण मी पैनगंगेचा.

होडी निघाली तशी मी मागे इंजिनजवळ जाऊन बसलो. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. दोन मिनिटांत माझ्या कानानं पकडलं. "आबा, इकडचा इंजेक्टर टपकून राह्यला."

आबांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "गेल्या म्हयन्यापासून," ते म्हणाले. "तुमका आयकाक येता?"

मी भाऊंकडे बघितलं. अशा कानांचा माणूस चोवीस रेचे आणखी दहा वर्षं चालवू शकतो, हे त्यांना आपोआप कळावं अशी माझी इच्छा होती. भाऊ कोळंबी बघत होते.

खाडीच्या तोंडाबाहेर, पाण्याखाली खडक आहेत तिथे, आबांनी इंजिन बंद केलं. आणि मग होडी डोलायला लागली. चालती होडी आणि थांबलेली होडी यात इतका फरक असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शिसाचं वजन आणि कोळंबी लावलेला गळ खाली सोडायचा, सात-आठ वाव पाणी, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस फूट खोल. वजन तळाला टेकलं की तंगूस सैल पडतो, मग हातभर वर घ्यायचा आणि बोटावर धरून बसायचं. बस. पोरखेळ वाटला मला.

भाऊ शांत बसलेले बघून मला वाटलं, हीच वेळ. समोर आकाश, खाली समुद्र, उठून जायला जागा नाही. मी घसा खाकरला. "भाऊ, रेच्यांचं कसं आहे..."

पहिला मुद्दा आणि रात्रीचे बांगडे एकदमच बाहेर आले.

आबांनी मला पाण्याची बाटली दिली. भाऊंनी फक्त आपली चप्पल बाजूला घेतली. त्यानंतर मी होडीच्या काठाला गाल टेकवून बसलो, तंगूस मात्र बोटावर धरून होतो. इभ्रतीचा प्रश्न होता.

आणि तेव्हाच बोटावर टक्‌ झालं. मग पुन्हा, टक्‌ टक्‌.

आबा पाठीमागून हलकेच म्हणाले, "रवा."

मी खूश झालो. मासा अजून पाण्यात आणि आबा तळायच्या गोष्टी करतात, इतका त्यांना विश्वास. मी म्हणालो, "हौ आबा, रवाच लावू."

"रवा! रवा!" आबांचा आवाज चढला.

"किलोभर घेऊ," मी म्हणालो आणि दोन्ही हातांनी जो हिसका मारला, तो रेच्यात अडकलेला पट्टा सोडवताना मारतो तसा. पाण्याखाली काहीतरी जड एकदा वळलं, मला जाणवलं ते, कोपरापर्यंत जाणवलं. मग तंगूस हलका झाला. गळ वर आला तेव्हा त्यावर अर्धी कोळंबी होती.

आबांनी ती अर्धी कोळंबी गळावरून काढली. "मी सांगतंय रवा, आणि तुम्ही ओढतास," ते म्हणाले.

भाऊंनी विचारलं, रव्याचं काय?

"रवा म्हंजे थांबा," आबा म्हणाले. "चोणाक आधी नुसतो तोंडात धरता. तेका गिळूक होया, मगे ओढूचा."

मी ज्यांच्यावर घर बांधलं ते दोन्ही कान त्या क्षणी कापून त्या गळाला आमिष म्हणून लावावेत असं वाटलं. भाऊ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती येळ थांबाचं?"

"तां तुमचा बोट सांगतला."

भाऊंनी आपल्या चिमटीकडे पाहिलं. चाळीस वर्षं कापूस ओढून पाहिलेली चिमूट. मग डोळे मिटले आणि तंगूस त्यात धरून बसले. अर्धा तास गेला. ऊन टोपीतून आत यायला लागलं. मी तेवढ्यात दुसऱ्या मुद्द्याचा विचार केला आणि पुन्हा काठाला गाल टेकवला.

मग भाऊंच्या मानेची शीर ताठ झाली. मासा गळाला तोंड लावत होता. आणि त्याच क्षणी त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. किनाऱ्यापासून इतक्या जवळ रेंज येते, हे होडीत बसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

"घे तू," भाऊ ओठ न हलवता म्हणाले.

मी त्यांच्या खिशातून फोन काढला. भंगारवाला होता. त्याला एकच गोष्ट हवी होती: सोमवारचा ट्रक सांगू की नको, हो किंवा नाही. भाऊंचे डोळे मिटलेले, कान मासा ऐकत होते. सात फिटर, तीस बायका आणि माझं वर्कशॉप, सगळं माझ्या जिभेवर येऊन बसलं. नऊशे किलोमीटर गाडी चालवून जे जमलं नाही ते एका शब्दात होणार होतं. मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मोठी लाट होडीखालून गेली.

फोनवर जे गेलं तो शब्द नव्हता.

"भाऊ की तबियत ठीक नहीं क्या?" पलीकडून काळजीनं विचारणा झाली. "रहने दो, सोमवार को आके ही बात करता हूँ."

मी तोंड पुसेपर्यंत भाऊंनी ओढलं. हिसका नाही, नुसतं मनगट वळवलं. मासा पाण्याबाहेर उडाला, सगळाच्या सगळा, डोकं हलवत, आणि परत पडला. आबा उभे राहिले. भाऊ तंगूस सोडायचे, धरायचे, सोडायचे. दहा मिनिटांनी आबांनी जाळीत घेतला. साडेचार किलो, डोळा पिवळसर. भाऊंच्या बोटाला चीर पडली होती. ते ती बघत लहान पोरासारखे बसून होते. कोण होतं फोनवर, हे त्यांनी किनारा येईपर्यंत विचारलं नाही. विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, "सोमवारी येतो म्हणे." बाकीचं सांगितलं नाही.

धक्क्यावर आबांचा इंजेक्टर मी काढून साफ करून बसवून दिला. चहाशिवाय त्याचं काही घेतलं नाही. कानाची काहीतरी भरपाई करायची होती.

परतीला थर्माकोलचा डबा, आत मासा आणि बर्फ. कोल्हापूर आणि सोलापूरला बर्फ सहज मिळतो. पुढे मिळवायला फिरावं लागतं. डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावा, नाहीतर पुढचा महिनाभर गाडीत कुणी बसत नाही. मी लावली नव्हती.

लातूरच्या अलीकडे भाऊ आपणहून बोलले. "चोवीसातले किती अजून चालतीन? मले भाषण नको, सलीम. खरं सांग."

माझ्या भाषणात या प्रश्नाचं उत्तर तयार होतं: सगळे, भाऊ, सगळे. मी एकेक रेचा मनातल्या मनात सुरू केला आणि ऐकत गेलो. सहा नंबरचा शाफ्ट. अकराचं कुरकुरणं. सतरा तर मेलेलाच.

"सोळा," मी म्हणालो. "आठ गेलेत."

भाऊंनी पुढच्या गावात बर्फासाठी गाडी थांबवायला सांगितली.

घरी शमीमनं झाकण उघडलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "चार दिन में एक?" मी सांगितलं, भाऊंचा आहे, आपल्याला अर्धा दिलाय. "मतलब आधा," ती म्हणाली. पण शिजवला असा, की शेजारचे दोघे सहज म्हणून डोकावून गेले. रवा लावून.

आता कुणी विचारतं, मिस्त्री, एवढं जाऊन काय मिळालं? सोललेलं नाक मिळालं. गाडीला एक वास मिळाला, तो अजून पूर्ण गेलेला नाही. भाऊंना बोटावर एक बारीक पांढरी रेघ मिळाली. आणि एक शब्द, त्याचं काय झालं तेवढं सांगून थांबतो.

सोमवारी दहाला जिनच्या फाटकात ट्रक लागला. मी सकाळपासून उगाच ग्रीसगन पुसत होतो. फिटर भिंतीला टेकून बसले होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. भाऊ रेच्यांच्या रांगेतून एकटेच चालत गेले, थांबत, बोटानं पट्टा दाबून पाहत. मग खडू मागितला आणि आठ रेच्यांवर फुल्या मारल्या. सहा, अकरा, सतरा, मी सांगितले नव्हते तरी सगळे माझेच आकडे.

"हे आठ ने," ते भंगारवाल्याला म्हणाले.

"और बाकी?"

भाऊंनी दिवाळीच्या, म्हणजे पुढच्या कापसाच्या दिशेनं कुठेतरी पाहिलं. "रवा," ते म्हणाले.

भंगारवाला भला माणूस. त्यानं छातीवर हात ठेवला. "नहीं भाऊ, तकलीफ मत करो. नाश्ता करके निकला हूँ."

मी ग्रीसगन खाली ठेवली आणि त्याला समजावून सांगायला पुढे झालो. या एका शब्दाच्या बाबतीत आमच्या तालुक्यात माझ्यापेक्षा अनुभवी माणूस नाही.