माझ्या बहिणीसोबत पळणारी

माझी बहीण माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. जन्मापासून तिला दिसत नाही. ऊन कुठल्या बाजूचं आहे एवढं कळतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. आई दुसऱ्या एका शाळेत पोरांचं जेवण रांधायला जायची, बाबा ऑटो चालवायचे, त्यामुळे बहिणीला नेणं-आणणं माझ्याकडे.

मी पळायचे चांगली. आठवीत असताना दोनशे मीटरला शाळेतली एकही मुलगी माझ्यापुढे जात नव्हती. पण प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर असायची, आणि शाळा सुटली की बहिणीचा हात माझ्या दंडावर यायचा. मी प्रॅक्टिस सोडली. सोड असं कोणी म्हटलं नव्हतं. नको सोडू असंही कोणी म्हटलं नाही.

खेळाच्या तासाला बहीण वऱ्हांड्यात बसून बाकीच्या मुलींच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखायची. मी अकरावीत गेले त्या वर्षी खेळाच्या नव्या मॅडम आल्या. त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुम यहाँ क्यों बैठी हो?"

"मैं तो रोज़ यहीं बैठती हूँ," ती म्हणाली.

पुढच्या तासाला मॅडमनी फुटबॉल प्लास्टिकच्या पन्नीत बांधून आणला. बॉल सरकला की पन्नी खरखरायची आणि माझी बहीण त्या आवाजामागे सुटायची. दोनदा पडली, हसत उठली. वर्गाच्या खिडकीतून मी ते बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं ते एवढंच, की घरी जाताना माझा दंड धरून एक-एक पाऊल टाकणारी हीच का?

मग मॅडमनी पळायचं काढलं. बुटाची एक जाड नाडी, तिच्या दोन्ही टोकांना फास. एक बहिणीच्या बोटांत, एक सोबत पळणारीच्या. जिल्ह्याच्या खेळांत अशी एक शर्यत होणार होती. सोबत कोण पळणार, हा प्रश्न मला पडलाच नाही. मी बूट घालून मैदानावर जाऊन उभी राहिले.

शिट्टी वाजली आणि मी पळाले. किती तरी दिवसांनी पळत होते. वारा कानात भरला, आणि तेवढ्यात नाडीला हिसका बसला. मागे वळून पाहिलं तर बहीण गुडघ्यावर पडलेली.

"मले ओढून राह्यली तू, ताई," ती म्हणाली.

"मग तू जोरात पळ ना!"

मॅडम जवळ आल्या. रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. "तुम जीतने के लिए दौड़ती हो," त्या म्हणाल्या. "पर ये दौड़ तो उसकी है."

त्यांनी निवडलं बहिणीच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला. गोल चेहऱ्याची, जिना चढली तरी धाप लागणारी. शाळेत पळायला तिच्यापेक्षा हळू कोणी सापडली नसती. पण बहिणीचं पाऊल पडलं की तिचं पडायचं, आणि पळताना ती बोलत राहायची: "सीधे, सीधे, अब थोड़ा बाएँ."

त्या महिन्यांत आमच्या घरात ती मुलगी नसूनही होती. ती असं म्हणाली, तिने हे खाल्लं, तिची आई अशी चिडते. माझी बहीण घरातही हिंदीत बोलायला लागली, तिच्याच लकबीत. केसांची वेणी माझ्याकडून घालून घ्यायची, ती आता शाळेत तिच्याकडून उंच बांधून घ्यायला लागली. शाळेतून येतानाही दोघी मिळून यायच्या.

आई खूश. "आता मोकळी झाली न तू," ती मला म्हणाली. "जाय, तूही पळ."

मी गेले. नववीतल्या पोरी मला मागे टाकून निघून गेल्या. कोणाला सांगितलं नाही, पण पुन्हा गेले नाही.

खेळांच्या दिवशी बहिणीची शर्यत अगदी शेवटी ठेवली होती. पाहुणे निघून गेले होते, मंडपाच्या खुर्च्या उचलणं सुरू होतं. तीनच जोड्या. बाबा ऑटो बाहेर लावून आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. बहिणीच्या डोळ्यांवर काळी पट्टी होती, नियमच तसा. पळाल्या. शेवटच्या रेषेजवळ त्या गोल मुलीने अर्धं पाऊल मागे घेतलं आणि माझ्या बहिणीला पुढे जाऊ दिलं. सोबत पळणारीने आधी रेषा ओलांडली तर जोडी बाद होते, हे मला माहीत होतं. तरी मी तिच्या जागी असते तर ते अर्धं पाऊल मला मागे घेता आलं असतं का, सांगता येत नाही.

दुसरा नंबर आला. दोघी गळ्यात पडून ओरडत होत्या. मी टाळ्या वाजवल्या, बाबा बघत होते म्हणून.

परतताना त्या मुलीला आधी तिच्या घरी सोडलं. मग मागच्या सीटवर आम्ही दोघीच उरलो. बहीण मेडल चाचपत होती.

"ताई, पळताना मी कशी दिसत होती?"

"तिलेच विचार न."

"ती तर माया संगं पळत होती. तिले मी कुठून दिसन?"

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहत राहिले. मग सांगितलं. की मान डावीकडे कलते, कोणी काही सांगत असल्यासारखी. की तोंड उघडं राहतं. की डावा पाय जरासा बाहेर फेकते, माझ्यासारखाच.

"तुयासारखा? तू पळायची?"

"हौ. पहिली यायची."

"मंग सोडलं काहून?"

बाबा पुढे बसून ऐकत होते. "अभ्यास होता," मी म्हटलं. तिने मेडल माझ्या हातात दिलं, किती जड आहे बघ म्हणून. जड काही नव्हतं.

पुढे दोन वर्षांनी बहीण जबलपूरला हॉस्टेलवर गेली. तिथे तिला पळायला दुसरी सोबतीण मिळाली, चांगली वेगाने पळणारी. ते कळल्यावर ती गोल चेहऱ्याची मुलगी एका दुपारी आमच्या घरी आली. मी चहा टाकला. ओट्याला टेकून ती उभी होती, नखाने भिंतीचा पेंट खरवडत.

"फ़ोन पर बस उसी की बातें करती है," ती म्हणाली. "उसने ये कहा, उसने वो कहा."

तिचे डोळे भरून आले होते. मी तिला बसायला पाट दिला, चहात साखर जास्त घातली, बिस्किटाचा पुडा नवीन फोडला. धीराचा मात्र एक शब्द तोंडातून निघाला नाही. बऱ्याच दिवसांनी मला छान वाटत होतं.