बॅटरीला गूळ-पाणी

आता हसायचं तर पोट धरून हसा, पर हातातला चहा सांडू नका. मी माझ्या या दोन हातांनी आमच्या घरात येणारी पाटीलकी घालवली, तीबी पाहुणचार करून!

निजामाचं राज्य होतं. मी नवी सून. चौसाळ्याच्या अंगाला आमचं गाव. पाटीलकी आमच्या मालकांना द्यायची का त्यांच्या चुलतभावाला, बापूरावाला, हे ठरवायला हैदराबादेहून बडा साहेब आला. आन् आला कशात? मोटारीमागं जुंपलेल्या घरात! चाकावरचं घर हो! आत खाट, खुर्ची आन् डोक्यावर गरगरा फिरणारा विजेचा पंखा.

मालकांनी छाती फुगवली. "हुजूर, तुमची बडदास्त आमच्या घराकडं!"

बडदास्त करणार कोण? मीच की!

ड्रायव्हरनं त्या चाकावरच्या घराच्या बाजूची पेटी उघडली. आत बॅटरी. वर तीन बुचं.

"भाबी, पंखा इसपेच चलता. पानी कम हुआ. ये बाटलीका साफ पानी डालना. दुसरा कुछ नक्को."

तेवढ्यात सासूबाईंची हाक, "आवं, जेवाय या, भाकरी गार व्हायलीय!"

मी म्हटलं, "जा भाऊ तुमी. बाईमाणसाला पाणी द्यायचं शिकवता व्हय?"

गेला तो. मी बाटलीकडं बघितलं. नुसतं पाणी? एवढ्या उन्हात आलेला जीव, आन् आमच्या दारात कोरडं पाणी? अवो, आमी वैऱ्यालाबी गुळाबिगर पाणी देत न्हाई! गुळाचा खडा कालवला आन् तिन्ही तोंडांत घातलं.

पंखा जरा मंदावला. म्हटलं, पोट भरलं नसंल बिचारीचं. आणखी घातलं. मग भसाभसा फेस, नाक जाळणारा वास! मला वाटलं, ढेकर दिला.

ढेकर कशाचा? पंखाच थांबला!

साहेब घामानं निथळत भाईर. ड्रायव्हर खरकट्या हातानं पळत आला. "क्या डाले?"

"गूळ."

"कायकू?"

"पाहुणी हाय म्हून!"

डोकं धरून तो मोटारीच्या चाकाशी बसला.

साहेबाची खुर्ची कडुलिंबाखाली गेली. बापूरावाला मोटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं. त्यानं घरातलं सूप आणलं आन् जेवणवेळेपासून चार वाजेस्तोवर साहेबाला वारा घातला. दिवस बुडायच्या आत पाटीलकी त्याची! हुकमात काय कारण लिहिलं, देव जाणे. वारा लिहिता येत नसंल.

मालकांनी महिनाभर माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई. दसऱ्याला बापूरावानं गुळाची अख्खी ढेप धाडली. वर निरोप, "वहिनी, तुमच्याच कृपेनं पाटील झालो. तोंड गोड करा. पर बॅटरीला देऊ नका!"

मालक कडाडले, "उकिरड्यावर टाक ती!"

मी टाकली व्हय? कणगीत लपवून दिवाळीपातुर एकटीनं खाल्ली. पाटीलकी गेली ती गेली, गूळ कावून सोडा? लई गोड होता मेला!