टिकलीच्या पुढे

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात कुणाच्या घरी म्युझिक सिस्टिम आली की दुसऱ्या दिवशी टिकलीवाले काका दारात हजर. खिशात काकूंच्या टिकल्यांचं पाकीट. व्हॉल्यूमचं बटण हळूहळू वाढवायचं, एका जागी "थांब!" म्हणून ओरडायचं आणि तिथे लाल टिकली चिकटवायची. रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस आवाजाच्या बाबतीत इतका धास्तावलेला, की शेजारच्या बारशातलं गाणं वाढलं तरी भरल्या ताटावरून उठून जाई.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. माझ्यासारखे विदर्भातले लोक नव्या कचेऱ्यांत नोकरीला येत आणि पहिल्या पगारांतून मोठमोठे स्पीकर घेत. मीही घेतले. खोक्यावरचे वॅट मी अभिमानाने वाचून दाखवले, तर काका म्हणाले, "खोक्यावर काहीही लिहितात, पोट्ट्या." आणि बटण निम्म्यावर येताच टिकली लावून मोकळे. मी चिडलो. अजून अर्धं बटण बाकी होतं!

"बटण बाकी आहे, ताकद नाही," ते म्हणाले. "अ‍ॅम्प्लिफायर इथंच थकला. याच्यापुढे आवाज वाढून नाही राहिला, फाटून राहिला. पहिले ट्विटर जळते, तो बारीक आवाजवाला स्पीकर." सीडीचा आवाज टेपपेक्षा जोरात येतो म्हणून तिच्यासाठी त्यांनी पहिलीच्या थोडी अलीकडे दुसरी टिकली लावली. समोर मी हव हव करत मान डोलावली, ते जिना उतरताच बटण पुढे नेलं. गाणं खरंच फाटलं. मुकाट्याने मागे आणलं.

काकू तेव्हा हयात नव्हत्या. त्या भजनं म्हणत. त्यांची एक कॅसेट होती आणि तिच्यात तालावर त्यांच्या बांगड्या वाजत. रविवारी सकाळी मी काकांकडे चहाला जाई तेव्हा तीच लागलेली असे. "बांगड्या ऐक," काका दर वेळी म्हणत.

एका हिवाळ्यात ते कुरकुरले, "आजकाल बाई दबून गाऊन राहिली. टेप जुनी झाली." टेपला काहीही झालं नव्हतं. माझी नजर बटणाकडे गेली. टिकली पुढे सरकली होती. आधीच्या जागी गोंदाचा मळकट डाग होता. काकूंचा आवाज चरचरत होता आणि काका डोळे मिटून डोलत होते.

"बरोबर आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

"हव, काका."

ज्याने साऱ्या मोहल्ल्याला ऐकायला शिकवलं, त्याला तुमचे कान गेले हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दर रविवारी आज सांगायचंच असं ठरवून निघायचो, आणि दर रविवारी टिकली आणखी पुढे गेलेली असायची. मी चहा पिऊन परत यायचो. शेवटी एका सकाळी बांगड्या वाजल्याच नाहीत. बारीक आवाज सगळाच गेला होता.

काका तसेच डोलत होते. म्हणाले, "बांगड्या ऐक."

मी होकारार्थी मान हलवली.

पुढे त्यांची मुलगी नागपूरहून आली. आईचा तो आवाज ऐकून तिनेच दुरुस्तीवाला बोलावला. जास्त आवाजाने ट्विटर जळलाय असं तो म्हणाला, तेव्हा काकांना सगळं कळलं. संध्याकाळी ते माझ्या दारात आले. या वेळी खिशात पाकीट नव्हतं.

"तुले ऐकू येत होतं?"

"हो."

"मग काहून नाही सांगितलं? तुझ्या भरवशावर तर होतो मी."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्याच महिन्यात मुलगी त्यांना घेऊन गेली आणि ते तिकडेच वारले. माफी मागायची राहून गेली, ती कायमचीच.

माझ्या बटणावरच्या टिकल्या केव्हाच गळून पडल्या. आता माझेही केस पिकलेत. परवा जुनी गाणी ऐकत बसलो होतो, तर माझी मुलगी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "पापा, आवाज फट रहा है."

मी बटण मागे घेतलं. मलाही काकांना एवढंच तर म्हणायचं होतं.