फौजदाराची भावकी

जयरामला एकटा जीव बघवत नसे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर होता तेव्हाही कुणी कोपऱ्यात तोंड फिरवून जेवताना दिसला, की हा डबा उचलून त्याच्या शेजारी. आधी त्याचं गाव काढायचं, मग गावातून एखादा पाहुणा काढायचा, आणि तेवढ्यात त्याच्या डब्यातलं लोणचंही काढायचं!

असा हा माणूस निवृत्त होऊन जेलरोडच्या फ्लॅटात राहायला आला आणि फौजदाराला सोबत हवी, यावर अडकला.

फौजदार म्हणजे मासा. निळा गोरामी, पोटाखाली मिशांसारखे दोन लांब दोरे. नातीनं, संजनानं, बोटाएवढा असताना आणलेला. बाकीचे मासे वय होऊन गेले, संजना नर्सिंग शिकायला पुण्याला गेली, आणि दोन हात लांब टाकीत हा एकटाच उरला. जयरामच्या बायकोच्या, विठाबाईच्या, बांगड्या वाजल्या की काचेशी यायचा. तिला तेवढंच कौतुक. जयराम मात्र सकाळी चहाचा कप घेऊन समोर बसायचा आणि त्याला तो चहा गोड लागायचा नाही.

शेवटी तो उमरच्या दुकानात गेला. उमर नाशिकरोडला मासे विकतो, गिऱ्हाइकाला मासा देताना लेक सासरी धाडावी तशा सूचना देतो.

"बाबा, चार काळ्या मॉली न्या. गरीब असतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"त्या दे रे. पण एखादा त्याच्या घरातला पण दे. निळा."

"घरातला नको, बाबा. नर-नर लय भांडतात."

"अरे, आपलं माणूस ते आपलं माणूस!"

आता गंमत बघा. हे बोलणारा जयराम मूळचा चांदवडकडचा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाशी असा अबोला, की बांधावर समोरासमोर आले तरी दोघं आपापल्या बैलांशी बोलायचे. "काय रे ढवळ्या, काही लोकांना लाज नाही राहिली," असं हा म्हणणार, आणि तिकडून तो आपल्या बैलाला उत्तर देणार. भावकी म्हणजे काय हे ज्यानं एवढं भोगलं, तोच माशाच्या बाबतीत विसरला.

फौजदारानं मॉलींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण तो दुसरा निळा, धाकटा, टाकीत उतरला मात्र, आणि फौजदारानं त्याला जो धरला, तो या काचेपासून त्या काचेपर्यंत. दुसऱ्या दिवशी धाकट्याची शेपटी फाटलेली, आणि तो फिल्टरच्या मागे चिकटून उभा. या माशाला अधूनमधून वर येऊन तोंडानं हवा घ्यावी लागते. बिचारा वर निघाला की फौजदार तिथं हजर. दाणे टाकले तर तेच.

"आणा अजून आपलं माणूस!" विठाबाई म्हणाली.

उमरनं फोनवर सांगितलं, "एकाला परत आणा बाबा, नाहीतर छोटा गेला समजा. मी घेतो कुणालाही."

पण कुणाला? धाकट्याला? घरी बोलावलेला पाहुणा उपाशी परत धाडायचा, हे जयरामच्यानं होणार नव्हतं. त्यानं संजनाला विचारलं. ती मोबाईलवरून म्हणाली, "जो मारतो त्याला द्या, आजोबा. मी रविवारी येते, मीच फौजदाराला सोडून येईन."

विठाबाई हातातलं काम टाकून टाकीपाशी आली. फौजदार जाणार! तिनं डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच त्याच्यावरच चिडली. "पहिल्यापासून राहतोय, म्हून सगळी टाकी काय ह्याच्या बापाची झाली?"

"रुमाल!" जयराम ओरडला.

"कसला रुमाल? डोळे पुसलेत मी."

"अगं, एसटीतला!"

मागे एकदा चांदवडच्या गाडीत एका जाड्या गृहस्थानं खिडकीतून रुमाल टाकून अख्खं बाकडं धरलं होतं. जयरामनं टेकायला जागा मागितली, तर पिंपळगाव येईपर्यंत त्यानं भांडण सोडलं नाही. पुढे गाडी बंद पडली. सगळ्यांना मागून आलेल्या दुसऱ्या गाडीत बसवलं. तिथं कुणाचाच रुमाल नाही. तर तोच गृहस्थ सरकून म्हणाला, "बसा ना, दाजी," आणि शेंगाही दिल्या!

"ह्याची पण गाडी बदलायची," जयराम म्हणाला. "टाकीतलं सगळं इकडचं तिकडं केलं, की ह्याचा रुमालच राहणार नाही."

उमरला विचारलं. तोही म्हणाला, "करून बघा. पण छोट्याला आधी सोडा, झाडं दाट लावा. एकाला दुसरा दिसायला नको."

मग काय, दोघांना टाकीतल्याच पाण्याच्या वेगवेगळ्या बादल्यांत काढलं. जयरामनं बाह्या सारल्या आणि खांद्यापर्यंत हात घालून डावीकडचं लाकूड उजवीकडे नेलं, दगड हलवले, मधोमध झाडांची भिंत उभी केली. विठाबाई बाहेरून सांगत होती, "तो दगड अजून अलीकडं. अहो, अलीकडं म्हणजे माझ्याकडं!"

पाणी निवळल्यावर धाकट्याला सोडलं. त्यानं झाडामागची जागा धरली. बऱ्याच वेळानं फौजदार उतरला, आणि चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा उभा राहिला. आपल्या कोपऱ्यात गेला, तर तिथं लाकूडच नाही. तो ते शोधत फिरत होता, तोवर धाकटा हळूच वर आला आणि त्यानं हवा घेतली.

"घेतली बरं का!" विठाबाई कुजबुजली.

तेव्हापासून दाणे दोन टोकांना एकदम पडू लागले. एका टोकाला जयराम, दुसऱ्या टोकाला ती.

रविवारी संजना मासा न्यायची पिशवी घेऊनच आली. दारातून थेट टाकीपाशी. तेवढ्यात फौजदार झाडाला वळसा घालून धाकट्यावर गेला. धाकट्यानंही पर ताठ केले. दोघे क्षणभर तसेच राहिले आणि आपापल्या बाजूला निघून गेले. मधून मॉलींची वरात शांतपणे चालली होती.

"भांडतायत की अजून!"

"भांडणारच," विठाबाई म्हणाली. "पण शेपटी बघ धाकट्याची, भरत आली. अन् जेवतो पोटभर."

संजनानं वाकून शेपटी पाहिली. मग पिशवीची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली. "राहू दे दोघांना."

विठाबाई लगबगीनं दाण्यांचा डबा घ्यायला गेली. मग ती आणि जयराम टाकीच्या आपापल्या टोकाला उभे राहिले. जयरामनं धाकट्याच्या बाजूला चार दाणे जास्त टाकले.

"बघितलं मी," पलीकडून आवाज आला, आणि फौजदाराच्याही बाजूला चार दाणे जास्त पडले.

"आजी! आजोबा! पाणी घाण होईल," संजना ओरडली.

"तुझ्या आजीला सांग," जयराम म्हणाला, आणि अजून दोन टाकले.