बाटलीतलं औषध आणि गुपचूप बदललेलं ऑइल

माझे साडू बिडकीनचे. बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. माणूस सरळ, बोलायला गोड, आणि एखादी गोष्ट पटली की तिच्यामागं स्वतःला झोकून देणारा. मी नेमका उलटा. वाळूजच्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी क्वालिटी खात्यात गेली. समोर आलेला माल आधी खराब समजायचा आणि मग तपासायचा, ही सवय अंगात मुरलेली. घरी आणलेली वांगीसुद्धा मी उलटीपालटी करून बघतो, अशी बायकोची तक्रार असते.

एका रविवारी सकाळी साडू पुंडलिकनगरला आमच्याकडं आले ते डिकीत एक यंत्र घेऊनच. इंजिन ऑइलमध्ये टाकायच्या औषधाची त्यांनी एजन्सी घेतली होती. बाटलीवर पळता चित्ता आणि खाली ठळक अक्षरात, ‘इंजिनाचं आयुष्य दुप्पट, ऑइल बदलण्याची कटकट बंद.’

यंत्र साधंच होतं. मोटरवर फिरणारी लोखंडी रिंग आणि तिच्यावर दाबायचा एक दांडा. रिंगेला साधं ऑइल लावून साडूंनी दांडा दाबला. कर्कश आवाज झाला आणि रिंग थांबली. मग त्यांनी औषधाचे थेंब टाकले आणि दांड्यावर अंगाचा भार दिला. रिंग फिरतच राहिली. शेजारपाजारचे जमले होते, ते खूश झाले.

मी विचारलं, “साडूभाऊ, इंजिनात असा दांडा कुठं असतो?”

“म्हंजे?”

“इंजिनात पंप असतो. तो दाबानं सगळीकडं ऑइल पोचवतो. असं लोखंडावर लोखंड कुणी रेटत नाही. आणि चांगल्या ऑइलमध्ये असली रसायनं आधीच घातलेली असतात. मग हे वरून कशाला?”

ते हसले. “तुम्ही ना, देवाचा प्रसाद पण तपासून घेताल!”

माझी डिझेल गाडी जुनी. साडूंनी तिचं बोनेट उघडायला लावलं. बायको दारात उभी होती. बहिणीच्या नवऱ्याचं मन मोडू नका, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाटली ओतली गेली, इंजिन चालू झालं.

“आवाज कमी झाला का नाय?” साडूंनी विचारलं.

“झाला की,” बायको म्हणाली.

मलाही तसंच वाटलं, आणि तिथंच मला संशय आला. कान माझे होते, पण काय ऐकायचं ते साडूंनी आधीच सांगून टाकलं होतं.

पुढं सर्व्हिसिंगची वेळ आली तेव्हा मी गॅरेजला जाऊन ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलून घेतलं. साडूंचा फोन आला की ते एवढंच विचारायचे, “गाडी कशी चालतीय?” ती चांगली चालत होती. मी तसं सांगायचो.

काही महिन्यांनी त्यांच्या घरी सत्यनारायण होता म्हणून आम्ही बिडकीनला गेलो. पूजा संध्याकाळी होती; तोवर बाजाराच्या जागेजवळ साडूंनी मांडव टाकला होता. यंत्र फिरत होतं, बरीच माणसं उभी होती. मला बघताच साडूंचा आवाज चढला. “कंपनीचं सोडा! हे माझे साडू. क्वालिटीचे साहेब, लई संशयी माणूस. ह्यांच्या गाडीत बाटली टाकली, तवापासून ऑइल बदललेलं नाय. विचारा त्यांनाच!”

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी साडूंना मांडवाच्या मागं घेऊन गेलो आणि खरं काय ते सांगितलं.

त्यांचा चेहरा लाल झाला. “मग मला बोलला का नाय?”

“ऑइल बदललं का, असं तुम्ही कधी विचारलंत?”

त्यांचा राग ओसरला आणि डोळ्यांत भीती दिसली. “अजिंठ्याला एक जीपवाला हाय. पर्यटकांची ने-आण करतो. खरंच बदलू नको का, म्हणून त्यानं दोनदा विचारलं होतं. मी तुमचाच दाखला दिला. त्यानं पुढं चार लोकांना बाटली घ्यायला लावली. त्याचं इंजिन बसलं तर?”

फोन लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. सिल्लोड मागं पडलं तरी साडू जीपवाल्याचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होते.

जीपवाला घरासमोर जीप धूत होता. साडू गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, “भाऊ, आजच्या आज ऑइल बदलून घ्या.”

तो हसायला लागला. “बदललंय की कवाच! ह्या जीपवर घर चालतं माझं. बाटलीवर छापलंय म्हणून तसाच चालवत बसू व्हय?”

“मग बाटली भारी हाय म्हणून चार लोकांना सांगितलं कशाला?”

“गाडी झकास चालती ना. बाटलीनं असंल, नाहीतर नव्या ऑइलनं असंल. मला काय ठाऊक?”

साडूंना हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. परत येताना फुलंब्रीला चहा घेताना ते म्हणाले, “म्हंजे माझ्यावर भरवसा ठेवून खरंच ऑइल न बदललेला एक तरी असंल का?”

“असला तर त्यालाच आधी गाठायला हवं,” मी म्हणालो.

त्यांनी तिथंच बसून एकेकाला फोन लावले. बहुतेकांनी गुपचूप ऑइल बदललं होतं. पैठणकडच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं मात्र बदललं नव्हतं. आम्ही त्याच्याकडं गेलो, साडूंनी समोर उभं राहून ऑइल काढायला लावलं. डांबरासारखं घट्ट ऑइल गळत होतं आणि साडू नजर न हलवता त्याच्याकडं बघत होते. ट्रॅक्टर अजून चालतो. आतून किती झिजला, कुणास ठाऊक.

नंतर कंपनीचा माणूस बिडकीनला आला तेव्हा साडूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. खऱ्या इंजिनावर केलेली तपासणी आहे का, असं त्यांनी विचारलं. त्या माणसानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. त्यात तीच रिंग होती, तोच दांडा.

“तुम्ही स्वतःच्या गाडीत हे टाकता का?” साडूंनी विचारलं.

“माझी गाडी कंपनीची आहे,” तो म्हणाला. “तिची सर्व्हिसिंग शोरूमला वेळेवर होते.”

साडूंनी माझ्याकडं बघितलं.

त्यांनी एजन्सी सोडली. आता बिडकीनलाच साधं ऑइल आणि फिल्टर विकतात. बाटलीत काहीच दम नव्हता, असं मी अजूनही छातीठोकपणे सांगणार नाही. काही गुण असेलही, पण तो कळायला वाव होता कुठं? जो तो बाटली टाकत होता, वर ऑइलही बदलत होता, आणि कौतुक मात्र बाटलीचं करत होता.